पुस्तकांना नवं लुगडं नेसवण्याआधी

या वेळच्या टपालात एका तालुक्याच्या गावाहून चार पानी पत्र आलं आहे. घराला रंग दिला, दिवाणखान्यात काचेच्या दारांचं नवं कपाट केलं, आणि आता त्यात आजेसासऱ्यांच्या इंग्रजी कादंबऱ्या लावायच्या आहेत. तीस-बत्तीस पुस्तकं. जेन ऑस्टिन, डिकन्स, थॅकरे, ब्राँटे भगिनी, सगळी मंडळी हजर आहेत. पण कुणाचा रंग उडालेला, कुणाची पाठ सुटलेली. यजमानांचं म्हणणं असं की, सगळ्यांना एकसारखी लाल बांधणी करून घेऊ, पाठीवर सोनेरी नावं घालू, म्हणजे कपाट कसं भरल्यासारखं दिसेल. बाइंडरनं दरही सांगून टाकला आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी या बाईंनी जाता जाता विचारलंय, एका पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर आजेसासूबाईंचं नाव आहे, आजेसासऱ्यांच्या अक्षरात, आणि खाली त्यांनी इंग्रजी शिकायला सुरुवात केल्याची तारीख. नव्या बांधणीत ते पान राहील ना?

बहुतेक राहणार नाही. म्हणूनच उत्तर टपालानं न धाडता इथे देते आहे, कारण अशी कपाटं आणखीही पुष्कळ घरांतून होत असतील.

नेहमीचा बाइंडर काय करतो ते आधी बघू या. तो जुना पुठ्ठा उचकटतो. पुठ्ठ्याच्या आत जो अस्तराचा कागद असतो त्याचंच दुसरं अंग म्हणजे ते पहिलं कोरं पान, त्यामुळे पुठ्ठ्याबरोबर तेही निघतं. मग तो पुस्तक शिवतो, आणि कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून यंत्राखाली धरून तिन्ही बाजूंनी कापतो. वर रेक्झिन. काम नीटनेटकं होतं यात शंका नाही. पण शाळेच्या हजेरीबुकासाठी जे ठीक, ते शंभर वर्षांच्या पुस्तकासाठी ठीक असेलच असं नाही.

आपल्या मनात जुन्या इंग्रजी पुस्तकाचं एक ठरावीक चित्र असतं. सिनेमातल्या साहेबाच्या घरात भिंतभर कपाटं, त्यात लाल-तपकिरी कातड्याचे ग्रंथ, पाठीवर सोनेरी पट्टे. वाटतं, कादंबरी दुकानातून अशीच येत असेल. तशी ती येत नव्हती, बरं का! ऑस्टिनची पहिली प्रसिद्ध कादंबरी ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ लंडनच्या थॉमस एगर्टननं १८११ साली काढली. तीन भाग, किंमत १५ शिलिंग, लेखिकेच्या नावाच्या जागी नुसतं ‘एका बाईकडून’, आणि तोटा झाला तर तो तिनं सोसायचा असा करार. अशा कादंबऱ्या त्या काळी साध्या पुठ्ठ्यात मिळत, वर कागद चिकटवलेला, पानांच्या कडा ओबडधोबड. ही बांधणी तात्पुरतीच समजली जाई. ज्याला परवडेल त्यानं पुस्तक आपल्या बाइंडरकडे न्यायचं आणि घरातल्या इतर ग्रंथांना शोभेल असं कातडं चढवून घ्यायचं. आपण कापड घेऊन शिंप्याकडे टाकतो ना, तसंच.

कातड्यातही प्रकार. ‘काफ’ म्हणजे वासराचं, गुळगुळीत, पण लवकर ओरखडे पडणारं. ‘मोरोक्को’ म्हणजे बकरीचं, दाणेदार, टिकाऊ आणि महाग. (जुनं कातडी पुस्तक देवघराच्या कपाटात ठेवणाऱ्या असाल तर हे आधी कळलेलं बरं.) ज्यांना एवढा खर्च झेपत नसे ते फक्त पाठीला आणि कोपऱ्यांना कातडं लावून बाकी पुठ्ठ्यावर अबरीचा कागद लावून घेत. 

आता यातली गंमत बघा. सगळ्यांनी तात्पुरते पुठ्ठे काढून टाकले, म्हणून आज मूळच्या पुठ्ठ्यातली ऑस्टिन मिळणं फार दुर्मिळ, आणि संग्राहक जीव टाकतात ते त्या कळकट पुठ्ठ्यांसाठी. बाइंडर मंडळी कडा छाटत, शिवाय सुरुवातीला नुसतं पुस्तकाचं नाव छापलेलं जे जादा पान असतं ते आणि मागच्या जाहिराती बिनकामाच्या म्हणून फेकून देत. आज जाणकार दुकानदार तेच पान आहे की नाही हे आधी बघतो.

दुर्मिळतेचं आणखी एक कारण आपल्या ओळखीचं आहे, ते म्हणजे वाचनालय! पुढे कादंबरीच्या तीन भागांची किंमत साडेएकतीस शिलिंगांवर गेली. एवढे पैसे टाकून कादंबरी विकत घेणार कोण? लंडनमध्ये चार्ल्स म्युडीनं १८४२ पासून पुस्तकं घरी न्यायला द्यायला सुरुवात केली. वर्षाची वर्गणी २१ शिलिंग, एका वेळी एक भाग. तीन भाग असले की एकच कादंबरी एकाच वेळी तीन घरांत फिरते, त्यामुळे हा तीन भागांचा थाट १८९४ पर्यंत टिकून राहिला. आणि घरोघर हिंडलेल्या पुस्तकाचं काय होतं ते तुम्हांला ठाऊकच आहे.

डिकन्सची तऱ्हा निराळी. ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये दर महिन्याला एक शिलिंगाच्या अंकातून निघाली, पातळ हिरवट वेष्टनात, आतबाहेर जाहिराती. कादंबरी संपली की लोक अंक एकत्र बांधून घेत आणि वेष्टनं चुलीत घालत. आज ती वेष्टनं आणि जाहिराती शाबूत असलेले सुटे अंक बांधलेल्या पुस्तकाहून कितीतरी महाग जातात. ‘अ ख्रिसमस कॅरल’च्या वेळी मात्र, १८४३ साली, त्यानं स्वतःच हौसेनं कापडी बांधणी, सोनेरी कडा आणि चार रंगीत चित्रं घालून पाच शिलिंगांना पुस्तक काढलं. सहा हजार प्रती नाताळापूर्वीच संपल्या. तरी हिशेब झाला तेव्हा हजार पौंडांची आशा धरलेल्या डिकन्सच्या हाती पहिल्यांदा २३० पौंड आले. सगळा पैसा चित्रांत आणि सजावटीत गेला होता. असो. मुद्दा असा की, ज्या पुस्तकाची मूळची बांधणीच कापडाची, त्याला कातडं चढवणं म्हणजे बढती नव्हे. १८९४ साली जॉर्ज ॲलननं ह्यू थॉमसनच्या चित्रांसह काढलेली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ घ्या. गडद हिरव्या कापडावर सोनेरी मोराचा पिसारा. आपल्या पैठणीवरच्या मोरानं मान खाली घालावी असा! त्याच्यावर लाल रेक्झिन चढवायला कुणाचा हात धजेल?

मग कातड्याला किंमतच नाही का? आहे, पण ते कातडं कुणी, कुणासाठी चढवलं यावर ती आहे. ‘एमा’ची हकिकत सांगते, म्हणजे ध्यानात येईल.

‘एमा’ १८१५ च्या डिसेंबरात निघाली, आतल्या पानावर साल १८१६. प्रकाशक जॉन मरे, प्रती दोन हजार, तिन्ही भागांना २१ शिलिंग. तेव्हा इंग्लंडचा कारभार पाहणारा युवराज, प्रिन्स रीजंट, ऑस्टिनच्या कादंबऱ्यांचा चाहता होता. त्याच्या ग्रंथपालानं तिला सुचवलं की, पुढचं पुस्तक युवराजांना अर्पण करायला आपल्याला मोकळीक आहे. आता अशी ‘मोकळीक’ म्हणजे काय असतं ते सासुरवाशिणींना समजावून सांगायला नको! हा माणूस तिला मनातून मुळीच आवडत नसे. त्यानं आपल्या बायकोला जसं वागवलं त्यावरून तिनं १८१३ च्या एका पत्रात तसं सरळ लिहिलंय. तरीही अर्पणपत्रिका छापावी लागली, आणि युवराजासाठी एक प्रत लाल मोरोक्कोत, सोनेरी कामासह बांधून पाठवली गेली. नुसत्या बांधणीला २४ शिलिंग पडले. म्हणजे नवरीपेक्षा शालू महाग. ती प्रत आज विंडसरच्या राजग्रंथालयात आहे.

भेट द्यायला मरेकडून ऑस्टिनला बारा प्रती मिळाल्या. त्यांतली एक गेली ॲन शार्पकडे. ही ऑस्टिनच्या भावाच्या घरी मुलीला शिकवणारी गव्हर्नेस. म्हणजे ना धड पाहुणी, ना धड नोकर. जेवायला कुठे बसायचं याचीही पंचाईत असलेला पेशा. (मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे या ॲन शार्पबद्दल मला जरा जास्तच जिव्हाळा आहे, हे कबूल.) नोकरी सुटल्यावरही दोघींची मैत्री ऑस्टिनच्या अखेरपर्यंत टिकली. ॲन शार्पच्या प्रतीवर प्रकाशकाच्या माणसानं लिहिलेला ‘लेखकाकडून’ एवढाच मजकूर आहे. २००८ साली लंडनच्या बॉनहॅम्समध्ये ती लिलावाला आली आणि एक लाख ऐंशी हजार पौंडांना गेली. तो मजकूर असलेलं पान एखाद्या बाइंडरनं काढून टाकलं असतं तर पहिल्या आवृत्तीची आणखी एक प्रत तेवढी उरली असती. ॲन शार्पची उरली नसती.

आणि लेखिकेला काय मिळालं म्हणाल, तर ‘मॅन्सफिल्ड पार्क’च्या दुसऱ्या आवृत्तीचा तोटा वळता करून ‘एमा’चे तिच्या हाती जेमतेम ३८ पौंड आले. १८१७ मध्ये ती गेली. १८२० साली मरेनं ‘एमा’च्या उरलेल्या पाचशेहून जास्त प्रती दोन-दोन शिलिंगांना काढून टाकल्या.

पुढे बांधणी हाच एक मोठा शौक झाला. लंडनचे रिव्हिएर, झेन्सडॉर्फ, सँगोर्स्की आणि सटक्लिफ ही या क्षेत्रातली नामांकित घराणी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सदरन या पुस्तकविक्रेत्यांनी एक नवी कल्पना काढली. कातडी पुठ्ठ्यात काचेखाली हस्तिदंतावर रंगवलेलं इवलंसं व्यक्तिचित्र बसवायचं. ‘कॉस्वे बांधणी’ म्हणतात ती हीच. चित्रं रंगवणारी होती मिस करी नावाची बाई. अशी शेकडो पुस्तकं तिच्या हातून गेली. पण एकूण बांधणीच्या धंद्यात बायकांची जागा ठरलेली होती. फर्मे दुमडायचे आणि शिवायचे, ते बायकांनी. कातडं चढवणं आणि सोन्याचं काम पुरुषांचं, मजुरीही त्यालाच जास्त. सेरा प्रिडो ही बाई तिशी ओलांडल्यावर बांधणी शिकली आणि स्वतःच्या नक्षीनं नावाजली. १८९८ मध्ये ‘गिल्ड ऑफ विमेन बाइंडर्स’ निघालं, १९०४ मध्ये बंद पडलं. त्या थोड्या वर्षांतलं बायकांचं काम आता संग्राहक शोधत फिरतात. तेव्हा असं कातडं असेल तर त्याला हात लावू नका. पुठ्ठ्याच्या आतल्या कडेला बारीक अक्षरात बांधणाऱ्याचं नाव ठसवलेलं असतं, ते भिंग घेऊन बघा.

हल्ली मोबाइलवर ‘अस्सल कातडी, सोनेरी कडा, मर्यादित आवृत्ती’ अशा जाहिराती दिसतात, त्यांबद्दल दोन शब्द. अमेरिकेत फ्रँकलिन लायब्ररी (ती २००० साली बंद झाली) आणि ईस्टन प्रेस यांनी दर महिन्याला एक पुस्तक अशा वर्गणीनं जगातल्या नामवंत कादंबऱ्या कातड्यात काढल्या. छान असतात, हातात धरून वाचायला आवडतील अशा. पण मुळातच संग्रहासाठी म्हणून छापलेली पुस्तकं सगळे जण जपून ठेवतात, त्यामुळे ती दुर्मिळ होत नाहीत. हौसेनं जरूर घ्या. मुलीच्या लग्नाला उपयोगी पडतील म्हणून घेऊ नका, त्यापेक्षा सोन्याचं वळं घ्या. आणि खरोखरीच जुनं काही घेणार असाल तर नुसत्या पाठीच्या फोटोवर भाळू नका. आतलं नावाचं पान, त्यावरचं साल, सगळे भाग एकाच आवृत्तीचे आहेत ना, चित्रं पूर्ण आहेत ना, एवढं विचारायचंच. विकणारा सांगायला टाळाटाळ करत असेल तर दारावरच्या बोहारणीशी बोलतो त्याच करारी आवाजात ‘नको’ म्हणायचं.

संग्रह कसा करावा हे मला विचाराल तर मी बाल्टिमोरच्या अल्बर्टा बर्क यांचं नाव घेईन. नवरा वकील, हाताशी पैसा होता, हे आधीच सांगते. पण पैसेवाले पुष्कळ असतात. या बाईंनी आयुष्यभर एकच लेखिका धरली, जेन ऑस्टिन. पहिल्या आवृत्त्या घेतल्या, पत्रं घेतली, आणि त्याबरोबरच परभाषांतले अनुवाद घेतले, वर्तमानपत्रातली कात्रणं वह्यांतून चिकटवली. १९४८ मध्ये त्यांनी लिलावात ऑस्टिनच्या केसांची बट घेतली. दुसऱ्याच वर्षी चॉटन गावी ऑस्टिनच्या घराचं संग्रहालय झालं. तिथल्या सभेत वक्ते हळहळले की, ती बट परदेशी गेली. बर्कबाई सभेतच बसल्या होत्या. त्या उठल्या आणि बट देऊन टाकते म्हणाल्या. ती आजही तिथेच आहे. १९७५ साली त्या गेल्या, तेव्हा पत्रं न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयाला आणि पुस्तकं व वह्या त्या जिथे शिकल्या त्या गाउचर कॉलेजला मिळाली. तिथले विद्यार्थी त्या चाळतात.

आपल्याकडच्या माळ्यांवर काय निघतं? पहिल्या आवृत्त्या बहुधा नाहीतच. निघतात त्या जे. एम. डेंटच्या एक शिलिंगवाल्या ‘एव्हरीमन्स लायब्ररी’तल्या (१९०६ मध्ये सुरू झालेली, डेंट स्वतः मुळात बाइंडर!), किंवा १८८६ पासून मॅकमिलननं खास हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी काढलेल्या मालेतल्या. बाजारात यांना फार भाव येईल असं समजू नका. पण टेक्सासच्या प्राध्यापिका जनीन बार्कस यांनी २०१९ मध्ये ऑस्टिनच्या स्वस्त आवृत्त्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं असं की, उंची आवृत्त्या ग्रंथालयांनी जपल्या, पण खऱ्या वाचकांच्या हातातल्या हलक्या आवृत्त्या कुणी जपल्याच नाहीत; आणि त्यांवरची नावं, तारखा यांतूनच कोण काय वाचत होतं ते कळतं. आजेसासूबाईंचं ते पान याच जातीचं आहे.

तेव्हा करायचं काय, तर जी पुस्तकं धड आहेत ती तशीच कपाटात लावा. रंगीबेरंगी दिसली तर दिसू देत. ज्यांची पाठ सुटली आहे त्यांना पांढऱ्या सुती फितीनं हलकी गाठ मारा किंवा मापाची पुठ्ठ्याची पेटी करून घ्या. ती हवी तर लाल करा, सोनेरी नावासकट, म्हणजे यजमानांचीही हौस होईल. आपल्याकडे पोथ्या रुमालात बांधून ठेवतात ती पद्धत उत्तम, फक्त कापड धुतलेलं, पांढरं घ्या, लाल रंग ओलीला उतरतो. बाइंडरकडे द्यायचंच झालं तर समोर उभं राहून सांगा, कडा कापायच्या नाहीत, जुन्याच भोकांतून जुजबंदी शिलाई घालायची, जुना पुठ्ठा आणि आधीची-शेवटची सगळी पानं परत जोडायची. नाव लिहिलेल्या पानाचा आधी फोटो काढून ठेवा. सेलोटेप कुठेही लावू नका, पिवळे डाग पडतात. कातड्याला तेल, पॉलिश, व्हॅसलिन काही नको. हाताला लाल भुकटी लागत असेल तर ते कातडंच कुजू लागलंय. चोळू नका, कागदात गुंडाळून ठेवा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, आणि पुस्तकं इतकी दाटीनं कोंबू नका की काढताना वरून पाठ ओढावी लागेल.

पावसाळ्यात पांढरी बुरशी येते त्याचं काय, असं आणखी तिघींनी विचारलं आहे. बुरशी ओली असताना पुसायला जाऊ नये, ती पसरते. पुस्तक वेगळं काढून हवेशीर सावलीत उभं ठेवावं, उन्हात नाही. पूर्ण सुकल्यावर नाकाला रुमाल बांधून, अंगणात किंवा गच्चीवर नेऊन, रंगाच्या मऊ कुंचल्यानं झटकावं. कसरीला डांबरगोळ्या ठेवणार असाल तर त्या पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात, पुस्तकाला टेकवून नव्हे. आणि काचेची दारं आठवड्यातून एकदा, कोरड्या दिवशी, तासभर सताड उघडी टाकावीत.